पूर्वेचे कोठार : कळमना

नागपूर शहराचा स्वाभाविक उतार पूर्वेकडे आहे. पश्चिमेच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी महालाला व जुन्या पेठांना वळसे घालीत याच दिशेने जाते, गोरेवाड्याच्या बाजूने येणारी पिवळी नदीही उत्तरेकडील वस्त्या ओलांडून इकडेच वळते, आणि पुढे दोघी एकत्र होऊन कन्हानच्या पात्रात विसर्जित होतात. परंतु या उतारावरून केवळ पाणीच वाहत आले असे नाही. ज्या ज्या गोष्टींवाचून शहराचे एक दिवसही भागत नाही, पण ज्या आपल्या शेजारी असाव्यात असे शहरातील प्रतिष्ठितांस वाटत नाही, त्या सर्व गोष्टी, म्हणजे मालगाड्यांचे रूळ, लाकडाच्या वखारी, डाळमिली, शीतगृहे, भांडेवाडीचे कचऱ्याचे आगार आणि अखेर धान्य-फळांची अफाट बाजारपेठ, गेल्या दीडशे वर्षांत एकामागून एक पूर्वेला सरकत आल्या. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ हा पश्चिमेकडील भाग घराचा दिवाणखाना मानला, तर कळमना हे त्याच घराचे परसदार होय. पाहुण्याला कोणी तिकडे नेत नाही, पण पाहुण्याच्या पानात जे वाढले जाते ते बहुतांशी त्याच दाराने आत आलेले असते.

वृत्तपत्रांच्या बाजारभावांच्या रकान्यात कळमन्याचे नाव नित्य छापून येते, विदर्भातल्या कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला ते ठाऊक असते, आणि तरीही कळमना म्हणजे बाजार एवढेच समीकरण लोकांच्या मनात पक्के बसल्याने, त्या बाजाराभोवती, त्याच्या आधारावर आणि पुष्कळदा त्याच्या गैरसोयी सोसून, एखाद्या लहान नगराएवढी वस्ती नांदते आहे याची दखल क्वचितच घेतली जाते. या लेखाचा विषय बाजार व वस्ती ही दोन्ही आहेत, कारण एकावाचून दुसऱ्याची हकीकत सांगता येत नाही.

*

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास 'राजापूर बारसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांच्या जागी नागपूर वसविले, त्याचा पुत्र चांद सुलतान याने त्याला तटबंदी घातली व जुम्मा तलाव बांधला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी तेथे आपली राजधानी केली, तेव्हा कळमना हे तटापासून दूरचे, शेतीवर जगणारे खेडे होते. राजधानीच्या कडेला असलेल्या खेड्याचे भाग्य राजधानीच्या भाग्याशी जखडलेले असते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य इंग्रजांपुढे पराभूत झाले, १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसविण्यात आली, आणि छावणी व शहर यांच्यामध्ये पलटणी, दारूगोळा, रसद व दूध-भाजी यांची जी अखंड ये-जा सुरू झाली तिच्या वाटेवर पूर्वेकडची ही खेडी आली. आजही या भागाला ओळख देणारा 'जुना कामठी रोड' त्या काळाचा वारस आहे. कळमन्याला लाभलेली पहिली मोठी सोय म्हणजे हा रस्ता, आणि तो कळमन्यासाठी नव्हे तर कामठीसाठी झाला होता, ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत या मुलखातील गावोगावच्या मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क बहाल करण्यात आले. खेड्याच्या जीवनात मालगुजार, पटवारी व कोतवाल हीच त्रयी तेव्हापासून सरकारचे मूर्त रूप होऊन बसली. योगायोग असा की, मार्च १९५१ या एकाच महिन्यात नागपूरला महानगरपालिका मिळाली आणि मध्य प्रदेशातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली; एका दाराने शहर आत येत असताना दुसऱ्या दाराने जुनी सत्ता बाहेर पडत होती. सत्ता गेली तरी तिची परिभाषा मात्र गेली नाही. या परिसरातील एखाद्या लेआउटमधल्या चिमुकल्या भूखंडाचे विक्रीपत्र हाती घ्यावे, तर त्यात मौजा, पटवारी हलका आणि खसरा क्रमांक यांचा उल्लेख आल्यावाचून जमिनीची चतुःसीमा पुरी होत नाही. शेत गेले, नांगर गेला, पण दप्तरात खेडे अजून जिवंत आहे.

*

रस्त्यामागून रूळ आले. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि काही वर्षे तेथेच थांबली. त्यापलीकडे छत्तीसगडातील तांदूळ व गळिताचे धान्य होते, पण ते बाहेर काढण्यास बैलांच्या तांड्यांखेरीज साधन नव्हते. १८८० नंतर राजनांदगावपर्यंत मीटरगेजचा मार्ग घालण्यात आला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला, आणि १८९१ मध्ये तो आसनसोलच्या कोळशाच्या मुलखाशी जोडला गेला. कामठी, कन्हान, भंडारा रोड या वाटेने पूर्वेस जाणाऱ्या या मार्गावर, नागपूर व इतवारी सोडताच जे स्थानक लागते ते कळमना होय. मुंबईहून हावड्याला जाणारा प्रवासी या स्थानकाचे नाव वाचण्याआधीच पुढे निघून जातो. मालगाडी मात्र येथे मुक्काम करते.

याच रुळांनी माणसेही आणली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या दिवशी सुरू झाली होती, रेल्वेला खलाशी व हमाल हवे होते, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी छत्तीसगडातील कुटुंबांची कुटुंबे घराबाहेर काढली. ती पश्चिमेकडे येताना पूर्व नागपुरातच उतरली, कारण गाडी प्रथम तेथे पोहोचत होती व काम तेथेच होते. कळमन्याच्या परिसरातील मिनीमातानगर या वस्तीचे नाव छत्तीसगडातील पहिल्या महिला खासदार मिनीमाता यांच्यावरून पडले आहे. १९७२ च्या विमान-अपघातात निधन पावलेल्या या सतनामी समाजाच्या लोकप्रतिनिधीची स्मृती रायपूर-बिलासपूरपासून इतक्या दूरवर एका कामगार-वस्तीने आपल्या नावात जतन करावी, यात स्थलांतराचा सारा इतिहास सामावला आहे. डिसेंबरच्या १८ तारखेला सतनामी पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांच्या जयंतीस सतनामी वस्त्यांतून जैतखामावर, म्हणजे पंथाच्या पूज्य स्तंभावर, पांढरा ध्वज चढतो. त्या दिवशी मराठी, वऱ्हाडी व छत्तीसगढी या तिन्ही बोली एकाच गल्लीत एकमेकींत मिसळून ऐकू येतात.

*

बाजार कळमन्यास आला तो मात्र फार उशिरा. नागपूरचा ठोक व्यापार शतकभर शहराच्या पोटातच होता: धान्य व किराणा इतवारी-मस्कासाथेत, संत्री स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात, भाजीपाला कॉटन मार्केटात. गल्ल्या बैलगाडीच्या मापाने आखलेल्या असल्याने ट्रकांचा जमाना येताच त्यांचा श्वास कोंडला. त्याच काळात शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर कायद्याची देखरेख असावी हा विचारही रुजत आला होता. या विचाराचे माहेर विदर्भच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने अशा बाजारांची देशभर शिफारस केली, १९३५ मध्ये मध्य प्रांताने शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला, आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राने साऱ्या राज्यासाठी एकच कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा आणला. या परंपरेचे नागपुरातील फळ म्हणजे कळमन्याचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इतवारीतील अडत्यांनी पिढीजात गाद्या सोडून शहराच्या टोकाला यावे यासाठी त्यांची मनधरणी करावी लागली, आणि धान्य, फळे, मिरची, कांदा-बटाटा व भाजी असे एकेक बाजार टप्प्याटप्प्याने येथे स्थिरावत गेले.

यार्डाचा दिवस शहराच्या दिवसाच्या उलट चालतो. धरमपेठेत अजून दूधवाल्याची घंटीही वाजलेली नसते तेव्हा येथे ट्रकांच्या रांगा, शेकोट्या, चहाच्या टपऱ्या आणि तर्रीपोह्याच्या पातेल्यांभोवतीची गर्दी असते. आणि शहर कचेरीस निघते तेव्हा येथला मोठा सौदा उरकलेला असतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराचा संत्रा येऊ लागला की फळबाजाराचे रूप पाहण्यासारखे होते. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून आलेला माल ओट्यावर ढिगांनी ओतला जातो. ढीग दिसायला सारखे, पण सराईत डोळ्यांना त्यात वंशावळ दिसते: कोणता माल भारी काळ्या जमिनीतला, कोणत्या झाडावर कोळशी पडली होती, कोणता देठाशी सैल झाल्याने दोन दिवसांत बसणार, आणि कोणत्या ढिगाच्या वरच्या थरात मोठी फळे मांडून खाली चुरी दडविली आहे. खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचे फळ वर काढतो, ते दाबून पाहतो, सोलून एक फोड तोंडात टाकतो व उरलेले शेजाऱ्याच्या हाती देतो. अडत्याचा माणूस ढिगापाशी उभा राहून टनाचा भाव पुकारू लागतो. बोली चढते, अडखळते, पुन्हा चढते. आणि माल वर्षभर पोसणारा शेतकरी, ज्याच्या उन्हाळ्यातील पाण्याचा, ताणाचा व फळगळीचा सारा हिशेब या दोन मिनिटांत लागायचा असतो, तो घोळक्याच्या कडेला गप्प उभा असतो.

हा उघड लिलाव आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यामागील संघर्षाचा विसर पडतो. नियंत्रित बाजारापूर्वी पुष्कळ ठिकाणी दलाल व खरेदीदार हातावर रुमाल टाकून त्याखाली एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. शेतकऱ्याला त्याच्याच मालाची किंमत कळायची ती सौदा झाल्यावर, तीही दलाल सांगेल ती. कायद्याने तो रुमाल काढून घेतला, वजनाला परवानाधारक मापाडी नेमला, आणि प्रत्येक व्यवहाराची हिशेबपट्टी देणे बंधनकारक केले. परंतु पट्टी म्हणजे न्याय नव्हे. त्या अरुंद कागदावर वजन व भाव यांच्याखाली हमाली, तोलाई, मोटारभाडे आणि आधी घेतलेली उचल यांची उतरंड लागते. भाव कोसळला म्हणजे वजाबाकी बेरजेला गिळून टाकते, व माल विकून शेतकऱ्याच्याच अंगावर देणे निघते. बाजारात याला 'उलटी पट्टी' म्हणतात. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मुभा दिली व अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी संप पुकारले. नियम राहिला, पण उचल घेतलेला शेतकरी त्याच अडत्याच्या दारी येत राहिला, कारण पेरणीच्या वेळी रोख पैसे देणारा दुसरा दरवाजा त्याला ठाऊक नव्हता. आणि भाव नेहमी नागपुरातच ठरतो असेही नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने अलीकडच्या काळात आयात शुल्क वाढवीत नेले, तेव्हा ढाक्यात घेतलेल्या निर्णयाचा धक्का कळमन्याच्या ओट्यावरील ढिगाला बसला.

संत्र्याचे दिवस सरतात न सरतात तोच मिरची येते. भिवापूर, कुही, मांढळ या पट्ट्यातील लाल मिरची पूर्वी इतवारी-नागभीड या नॅरोगेजच्या 'छोट्या गाडी'च्या वाटेवरचा माल. ती गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या मुलखातील सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडण्याच्या मोकळ्या जागांवर, बायका ओळीने बसून मिरचीचे देठ खुडतात. डोळ्यांची आग, सततचा खोकला आणि वजनावर मिळणारी मजुरी हे त्या तिखटाचे मोल असते. कळमन्यात त्या मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या की परका माणूस फाटकापासूनच शिंकू लागतो, व हमाल मात्र तोंडाला दुपट्टा बांधून निर्विकारपणे पाठ पुढे करतो. मागोमाग तूर व हरभरा येतो, मृग बहराचा संत्रा येतो, एप्रिल-मे महिन्यांत आंध्र-तेलंगणाकडून बैगनफल्ली आंबा येतो, आणि पावसाळ्यानंतर सोयाबीन. कळमन्यातील माणूस महिन्यांची नावे मालाच्या आवकेवरून ओळखतो.

*

ही सारी आवक ज्या पाठींवरून उतरते त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी-हमालांचा कायदा केला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीच्या रूपाने जो लढा आधीपासून चालविला होता त्याचे मोल या कायद्याच्या संदर्भात विसरता येत नाही. कायदा आहे, मंडळे आहेत, तथापि बाजाराच्या कडेला असा एक वर्ग उरतोच की ज्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. ओट्यावर सांडलेले धान्य झाडून, पाखडून, खडे वेचून ते संध्याकाळी चिल्लर विकणाऱ्या स्त्रिया, टाकून दिलेल्या भाजीतून धड तेवढी निवडून वस्तीत हातगाडी लावणारी पोरे, रिकामे कट्टे शिवून परत विकणारे म्हातारे, यांचे अर्थशास्त्र बाजाराच्या अर्थशास्त्राला टेकून उभे असते. कळमना, पारडी, भरतवाडा या वस्त्यांतील कित्येक घरांची चूल अशा तिय्यम उत्पन्नावर पेटते.

आणि या वस्तीचे सामाजिक जीवन शहराच्या जीवनाहून तोकडे आहे असे मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व नागपुरातील जुन्या पेठांतून काळी व पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. १८८१ व १८८५ पासून चालत आलेल्या या मिरवणुकीत रोगराई, महागाई व भ्रष्ट पुढारी यांना 'घेऊन जा गे मारबत' म्हणून वेशीबाहेर हाकलण्यास सारा पूर्वभाग लोटतो. नवरात्रात पारडी-पुनापूरच्या भवानीमातेच्या मंदिराकडे माणसांची रीघ लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेने येथील असंख्य कुटुंबांचे जीवन पालटले, आणि भीमजयंतीच्या रात्री निळ्या पताकांखाली अवघी वस्ती जागी असते. अशा रीतीने हलबा कोष्टी, तेली, सतनामी, बौद्ध, मुसलमान आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर येथे दाटीने राहतात. त्यांच्यात कलह होतात, तसे सोयरसंबंधही होतात; पण त्यांना एकत्र बांधणारा खरा धागा म्हणजे पहाटे तीन-चारला उठण्याची सवय होय.

*

सोयींचा विचार करू लागले म्हणजे आरंभीची ती कामठी रस्त्याची गोष्ट पुन्हा प्रत्ययास येते. कळमन्याला रस्ता मिळाला तो छावणीच्या रसदीसाठी, रूळ मिळाले ते छत्तीसगडच्या धान्यासाठी, यार्ड मिळाले ते इतवारीची कोंडी फुटावी म्हणून, आणि पूल मिळू लागले ते ट्रकांना वाट व्हावी म्हणून. माल ही येथील पहिली प्रजा, माणूस दुसरी. रेल्वेच्या मार्गांनी हा परिसर कापला गेल्याने फाटकापाशी ताटकळणे पिढ्यान्‌पिढ्या येथल्यांच्या नशिबी आले. त्यावरील उपाय म्हणून उभे राहणारे उड्डाणपूल वर्षानुवर्षे रखडले. १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कळमन्यात बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा एक भाग कोसळला. रात्रीची वेळ असल्याने जीवितहानी टळली, परंतु जो रस्ता पहाटे माणसांनी व गाड्यांनी फुलतो, त्यावर ती वेळ काही तास पुढे सरकली असती तर काय झाले असते, या विचाराने वस्तीचा थरकाप झाला.

११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोचा मार्ग भंडारा रस्त्यावरील प्रजापतीनगरापर्यंत आला, तेव्हा पूर्व नागपूर प्रथमच दिवाणखान्याच्या बाजूशी वातानुकूलित डब्याने जोडले गेले. ही गोष्ट अभिनंदनीयच आहे. परंतु मेट्रोची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुटते, आणि ज्या हमालाला, चहावाल्याला व भाजी विकणाऱ्या बाईला तिची खरी गरज आहे, त्यांचा निम्मा दिवस तोवर सरलेला असतो. पारडी, पुनापूर, भरतवाडा व भांडेवाडी या शेजारच्या मौजांची निवड 'स्मार्ट सिटी' योजनेत झाली. रुंद रस्त्यांच्या आखणीत कोणाचे घर जाते आणि कोणाच्या भूखंडाचे मोल वाढते, या चर्चेने चहाच्या टपऱ्या अजून गजबजलेल्या आहेत. शहराचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होते आणि त्यातील मोठा वाटा कोराडीच्या वीज केंद्राला जातो. म्हणजे पश्चिमेने टाकलेले पाणी पूर्वेने धुवायचे आणि त्यातून निघालेली वीज पुन्हा सर्वांनी वापरायची. श्रमविभागणी म्हणून यात वावगे काही नाही. वावगे आहे ते एवढेच की, या विभागणीत पूर्वेच्या वाट्याला येणाऱ्या दुर्गंधीचे, धुळीचे व अवजड वाहनांचे मोल कोणत्याही जमाखर्चात धरले जात नाही.

कळमन्याला पाहिजे तरी काय? रात्री माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ट्रकखाली न झोपता पाठ टेकता येईल असे निवासस्थान. बाजारात राबणाऱ्या स्त्रियांसाठी पहाटे उघडी असणारी स्वच्छतागृहे. ट्रकांची वाट व शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट वेगळी. पहाटेच्या प्रहरी धावणारी दोन-चार शहर बस. आणि नाल्यांची पावसाळ्यापूर्वी सफाई. यांपैकी एकही मागणी राजधानीच्या थाटाची नाही, आणि एकाही मागणीसाठी नवा आयोग नेमण्याची आवश्यकता नाही. बाजार समितीला मिळणारी बाजार फी, महापालिकेला मिळणारा मालमत्ता कर आणि रेल्वेला मिळणारे मालभाडे ही तिन्ही उत्पन्ने याच भूमीवर गोळा होतात. त्यांतील किती या भूमीवर परत खर्ची पडतात, याची पट्टी मात्र वस्तीच्या हाती कोणी देत नाही. शंभर वर्षांपूर्वी या प्रांताने रुमालाखालचा सौदा बेकायदा ठरविण्याचे धैर्य दाखविले होते, कारण ज्याचा माल त्याला भाव ऐकण्याचा अधिकार आहे हे त्याला पटले होते. तोच न्याय आता मालाकडून माणसाकडे नेण्याची वेळ आली आहे: कळमन्याने नागपूरला काय दिले आणि नागपूरने कळमन्याला काय दिले, याचा हिशेब दरसाल, उघड्या ओट्यावर, सर्वांसमक्ष पुकारला गेला पाहिजे.